कॅनडाची लोकसंख्या घनता: ४.२ हा आकडा नकाशावर दाखवायचा कसा, आणि एवढ्या खाणी असून उत्तर विरळ का?

क्षितिज_नकाशे

अकरावी-बारावीच्या भूगोलासाठी भिंतीवर लावायचा कॅनडाचा घनता-नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणकप्रणालीत करतो आहे. २०२१ च्या जनगणनेचे प्रांतवार आकडे घेतले आणि समान अंतराचे पाच वर्ग पाडून रंग भरले. सगळ्यांत गडद रंग गेला प्रिन्स एडवर्ड आयलंडला (२७.२ माणसे प्रति चौ. किमी), ऑन्टॅरियो मधल्या छटेत (१५.९) आणि बाकी जवळजवळ सगळा देश फिकट दोन छटांत. टोरंटो, मॉन्ट्रियल, व्हँकूव्हर यांचा मागमूस नाही. प्रिन्स एडवर्ड आयलंडची एकूण वस्ती दीड लाख. त्यालाच सर्वांत गडद दाखवणारा नकाशा मुलांसमोर लावणे मला पटत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, देशाची घनता कुठे ३.७, कुठे ३.९, कुठे ४.२ दिलेली सापडते. यातली धरायची कोणती, आणि नकाशा कोणत्या पातळीवर करायचा? दोन, विरळ वस्तीचे कारण म्हणून पाठ्यपुस्तके ‘अतिथंड हवामान’ एवढेच सांगतात. मग विनिपेग आणि एडमंटनसारखी गोठवणारी शहरे एवढी मोठी कशी? तीन, उत्तरेत हिरे, युरेनियम, लोखंड, तेल सगळे आहे. खाण तिथे गाव हा नियम तिथे का चालत नाही?

गणनाकार

पहिल्या प्रश्नाचे मी घेतो. आधी भाजकाचा घोळ मिटवू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

९९,८४,६७० चौ. किमी हे पाण्यासकट क्षेत्रफळ. त्याने भागले की ३.७ येते. घनता जमिनीवर काढायची असते. जनगणना करणाऱ्या स्टॅटिस्टिक्स कॅनडा या सरकारी संस्थेने २०२१ साठी जमीन ८७,८८,७०२.८ चौ. किमी धरली आहे, माणसे ३,६९,९१,९८१, म्हणून ४.२. हीच संस्था २०१६ ला जमीन ८९,६५,५८८.८५ चौ. किमी धरत होती, त्यामुळे त्या वर्षीची घनता ३.९. म्हणजे पाच वर्षांत ३.९ ची ४.२ झाली ती निव्वळ माणसे वाढून नव्हे. २०१६ ची ३,५१,५१,७२८ माणसे नव्या क्षेत्रफळाने भागून पाहा, ४.० येईल. दोन जनगणनांची तुलना करायची असेल तर क्षेत्रफळ एकच धरा. शिवाय कित्येक कोशांत अजून ९०,९३,५०७ हा जुना जमिनीचा आकडा फिरतो आहे, तोही बाजूला ठेवा.

माणसांच्या आकड्यातही दोन जाती आहेत. जनगणनेची मोजणी ११ मे २०२१ ची. तिच्यात सुटलेली माणसे हिशेबात धरून जे वार्षिक अंदाज निघतात, त्यांत १ जुलै २०२१ ला लोकसंख्या सुमारे ३.८२ कोटी आहे. देशाने ४ कोटींचा टप्पा जून २०२३ मध्ये ओलांडला तोही या अंदाजांच्या हिशेबाने. एका नकाशात दोन्ही मिसळू नका. नगरपालिका पातळीवरचे काम असेल तर जनगणनेचेच आकडे घ्या, आणि एक तळटीप टाका: २०२१ ला आदिवासींच्या ६३ राखीव वसाहतींमध्ये मोजणी पूर्ण झाली नव्हती. तिथे शून्य दिसले म्हणजे माणसे नाहीत असे नव्हे.

आता पातळी. प्रांत आणि प्रदेश मिळून १३. त्याखाली जनगणना विभाग २९३, त्याखाली उपविभाग (म्हणजे बहुतांशी नगरपालिका) ५,१६१, आणि जनगणनेची सगळी माहिती ज्याच्यासाठी मिळते ते सर्वांत बारीक एकक ४०० ते ७०० माणसांचे. भिंतीच्या नकाशाला उपविभाग पुरतात. पण त्यांत दोन उलटसुलट फसवणुकी आहेत. ॲल्बर्टातली वुड बफेलो ही एकच नगरपालिका सुमारे ६० हजार चौ. किमी पसरलेली आहे, वस्ती ७२,३२६, घनता जेमतेम १.२, प्रत्यक्षात त्यातली बहुतेक माणसे फोर्ट मॅकमरी या एका शहरात आहेत. उलट नुनावुतची राजधानी इकालुइतची हद्द सुमारे ५२ चौ. किमी, वस्ती ७,४२९, घनता १४० च्या वर. नकाशावर वुड बफेलो फिकट आणि इकालुइत गडद दिसेल, आणि त्यावरून कोणी इकालुइतला दाट शहर म्हटले तर ती हद्द आखण्याची करामत.

यावर उपाय असा. उपविभागांचा रंगथर खाली ठेवा आणि त्यावर ‘लोकसंख्या केंद्रां’चा थर भरीव रंगात टाका. किमान १,००० माणसे आणि दर चौ. किमीला किमान ४०० ही त्या केंद्राची व्याख्या. माणसे खरोखर कुठे आहेत ते या थराने लगेच उघडे पडते. वर्ग मात्र समान अंतराचे नकोत. या देशाची घनता ०.०२ पासून ५,००० च्या वर जाते (व्हँकूव्हर शहर ५,७४९.९, टोरंटो शहर ४,४२७.८), म्हणून दर पायरीला दहापट वाढणारे वर्ग घ्या: ०.१ च्या खाली, १ पर्यंत, १० पर्यंत, १०० पर्यंत, १,००० पर्यंत, त्यापुढे. आणि घनता स्वतः दोन-तीन दशांशांपर्यंत काढा. एकाच दशांशाला गोल केलेल्या तक्त्यात नुनावुत आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज दोन्ही ०.० होतात. नुनावुतची घनता ०.०२ आहे, म्हणजे दर पन्नास चौ. किमीला एक माणूस.

क्यूजीआयएसमध्ये अडते ते मुख्यतः जोडणीत. सीमांच्या फायली दोन प्रकारच्या मिळतात. समुद्राच्या पाण्यात शिरणाऱ्या डिजिटल आणि किनाऱ्याला कापलेल्या कार्टोग्राफिक. दुसऱ्या घ्या, नाहीतर हडसन उपसागरही रंगतो. तक्ता आणि सीमा ‘डीजीयूआयडी’ (प्रत्येक भूभागाचा एकमेव ओळख-संकेत) या रकान्यावर जोडा. नुसता आकडी उपविभाग-क्रमांक वापरला तर सीएसव्ही तक्त्यात तो संख्या म्हणून वाचला जातो, सीमांच्या फाइलमध्ये तो मजकूर असतो, आणि जोडणी कसलीही तक्रार न करता सगळीकडे रिकामी येते. तक्ता एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करू नका, क्यूबेकच्या नावांतल्या फ्रेंच अक्षरांची वाट लागते. घनतेसाठी क्यूजीआयएसने बहुभुजाचे काढलेले क्षेत्रफळ घेऊ नका, त्यात तळी येतात. तक्त्यातला जमिनीच्या क्षेत्रफळाचा रकाना घ्या.

प्रक्षेपणही पाहा. वेब मर्केटरमध्ये ६० अक्षांशावर क्षेत्र चौपट होते, ७० वर साडेआठपट, टोरंटोच्या ४३.७ वर दुपटीला जरा कमी. म्हणजे रिकामी उत्तर भरल्या दक्षिणेच्या दुप्पट ते साडेचारपट फुगते. स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या फायली लॅम्बर्ट शंक्वाकार प्रक्षेपणात (ईपीएसजी ३३४७) येतात. दिसायला ते उत्तम, पण ते समक्षेत्र (क्षेत्रफळांचे प्रमाण राखणारे) नाही. घनतेच्या नकाशाला अल्बर्स समक्षेत्र घ्या, प्रमाण अक्षांश ५० आणि ७०.

सरासरीचा पोकळपणा मुलांना वहीवरच दाखवता येतो. युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत हे तीन प्रदेश वगळा: जमीन ३९ टक्के गेली, माणसे गेली फक्त १,१८,१६०, म्हणजे ०.३ टक्के. उरलेल्या देशाची घनता ६.९. पुढची पायरी भारित घनतेची. प्रत्येक प्रांताची लोकसंख्या गुणिले त्याची घनता, सगळ्यांची बेरीज, भागिले देशाची लोकसंख्या. उत्तर येते १०.१. सामान्य कॅनेडियन माणूस ज्या प्रांतात राहतो त्याची घनता ही, आणि अजून आपण प्रांताच्या आत गेलेलोही नाही. हाच हिशेब जनगणना विभागांवर केला की आकडा आणखी चढतो.

मातीवाचक

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. क्षितिज, तुमची शंका रास्त आहे. थंडी हे कारण आहे, पण पहिल्या क्रमांकाचे नाही. पहिला क्रमांक मातीचा.

थंडीच ठरवत असती तर प्रिन्स रूपर्ट मोठे शहर झाले असते. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, ५४ अक्षांशावर, जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या वर, वर्षभर न गोठणारे खोल बंदर, रेल्वे दारात. वस्ती बारा हजारांच्या आसपास. जवळपास त्याच अक्षांशावरचे एडमंटन मात्र उपनगरांसह १४ लाखांचे, आणि जानेवारीत उणे १६ च्या आसपास सरासरी असलेले विनिपेग शहर साडेसात लाखांचे. प्रिन्स रूपर्टच्या पाठीशी डोंगर आहेत, अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे, नांगरायला जमीन नाही. एडमंटन-विनिपेगच्या भोवती शेकडो किलोमीटर काळी-तपकिरी गवताळ माती आहे.

कॅनडाच्या जवळजवळ निम्म्या भूभागावर कॅनेडियन शील्ड आहे, आपल्या पुस्तकांतला ढालप्रदेश. हिमयुगातल्या बर्फाने तिथली माती खरवडून दक्षिणेला नेली. मागे राहिला उघडा ग्रॅनाइट-नाइस, खळग्यांत साचलेली असंख्य तळी, आणि सूचिपर्णी जंगलाखालचा आम्लधर्मी पातळ थर. त्यात गहू येत नाही, रस्ता सुरुंग लावून काढावा लागतो आणि सांडपाण्याच्या नळाला खोदायला जागा नसते. नकाशावर शील्डची दक्षिण कड आखा आणि त्यावर रात्रीच्या दिव्यांचे उपग्रहचित्र ठेवा. दिवे कुठे संपतात ते पाहिलेत की अक्षांशांपेक्षा ही कड किती बोलते ते कळेल. ऑन्टॅरियोत ती जॉर्जियन उपसागरापासून किंग्स्टनच्या बाजूला उतरते. तिच्या दक्षिणेला टोरंटो, हॅमिल्टन, लंडन, विंडसर. उत्तर ऑन्टॅरियोत प्रांताची ८७-८८ टक्के जमीन आणि माणसे साडेपाच-सहा टक्के. एकट्या केनोरा जिल्ह्याची वस्ती ६६ हजार, घनता ०.२. ऑन्टॅरियोची १५.९ ही सरासरी अशी दोन अगदी वेगळ्या मुलखांची आहे.

शेतीला खात्रीची म्हणावी अशी जमीन सगळ्या कॅनडात सुमारे ५ टक्के. पहिल्या प्रतीची अर्धा टक्का, आणि त्यातलाही निम्म्याहून अधिक हिस्सा दक्षिण ऑन्टॅरियोत. २०१६ च्या जनगणनेत ६६ टक्के लोक अमेरिकेच्या दक्षिण सीमेपासून १०० किमीच्या आत होते, देशाच्या सुमारे ४ टक्के भूभागावर. त्या पट्ट्याची घनता काढली तर साठच्या आसपास येते, चार नव्हे. यातली टोचणारी गोष्ट अशी की शहरे वाढतात ती नेमकी त्या अर्ध्या टक्क्यावर. टोरंटोभोवती २००५ मध्ये कायद्याने हरितपट्टा आखावा लागला तो याच कारणाने.

माणसे मातीवर कशी पसरली यात जमीन मोजण्याच्या पद्धतीचा मोठा हात आहे, आणि वर्गात शिकवायला हा भाग फार चांगला. क्यूबेकमध्ये फ्रेंच काळात सेंट लॉरेन्स नदीला काटकोनात लांबट पट्ट्या पाडल्या. साधारण ३ आर्पां रुंद, ३० आर्पां खोल. एक आर्पां साडेअठ्ठावन मीटर धरा, म्हणजे सुमारे १७५ मीटर बाय पावणेदोन किलोमीटर. प्रत्येकाला नदीचा काठ मिळाला, घरे काठावर एका ओळीत आली. जागा संपली की मागे समांतर दुसरी ओळ. आजही त्या भागाचा बारीक घनता-नकाशा रेघारेघांचा दिसतो.

प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेच्या गवताळ मैदानांत, उलट. १८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टखाली सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, सेक्शन ६४० एकरांचा, आणि त्याचा चतकोर म्हणजे १६० एकर दहा डॉलर शुल्कात. अट तीन वर्षे राहण्याची, घर बांधण्याची आणि ठरलेली जमीन नांगराखाली आणण्याची. प्रत्येक घर आपापल्या १६० एकरांत, म्हणून शेजारी लांब आणि वस्ती विखुरलेली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे १८८५ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर फाटे फुटले आणि दर आठ-दहा मैलांवर स्थानक व धान्याचे एलेव्हेटर (उंच कोठार) आले, कारण घोडागाडीने धान्य टाकून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यायला हवे होते. त्यातच मार्क्विस गहू आला. रेड फाइफ या आधीच्या वाणापेक्षा तो आठवडाभर तरी आधी पिकतो, आणि जिथे दंवमुक्त दिवस शंभर-सव्वाशे असतात तिथे आठवडा म्हणजे अख्खे पीक. त्याने गव्हाची हद्द उत्तरेला सरकवली.

पुढे मालमोटारी आल्या, शेते मोठी झाली आणि आठ मैलांवरच्या स्थानकाची गरज उरली नाही. सास्काचेवान १९३१ मध्ये ९,२१,७८५ लोकसंख्येने देशातला तिसरा प्रांत होता. २०२१ मध्ये तिथे ११,३२,५०५. नव्वद वर्षांत एवढीच भर, आणि तीही सास्काटून-रेजायनात, खेडी ओसरली. शेतीचे उत्पन्न वाढताना शेतीवरची माणसे कमी होतात हे तिथे डोळ्यांसमोर दिसते.

अडाणी आशेचे एक उदाहरणही द्या. उत्तर ऑन्टॅरियो-क्यूबेकमधला चिकणमातीचा पट्टा, क्ले बेल्ट. शील्डच्या मधोमध जुन्या हिमसरोवराच्या गाळाची चांगली माती, म्हणून सरकारने तिथे वसाहती उठवल्या. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कापुस्कासिंगजवळ जमिनी दिल्या. माती होती, पण निचरा वाईट, भर उन्हाळ्यात दंव, बाजारपेठ लांब. वसाहत टिकली नाही. त्या भागात जी गावे राहिली ती बहुतेक लाकूड, कागद आणि खाणींवर.

क्षितिज_नकाशे

दोघांचेही मनापासून आभार. शील्डची कड नकाशावर जाड रेषेने घेतोच. पण मातीवाचक सरांचे वाचून तिसरा प्रश्न आणखी टोकदार होतो. शील्डवर माती नाही, खनिजे तर भरपूर आहेत. सडबरी झाले ना शहर? मग बाकीचे का नाहीत?

हिमरेषा

सडबरी हा अपवाद कसा झाला ते आधी पाहा. १८८३ मध्ये रेल्वेचा मार्ग खोदतानाच निकेल-तांब्याचे खनिज उघडे पडले, म्हणजे खाण आणि मुख्य लोहमार्ग एकाच जागी. साठा अवाढव्य, सव्वाशेहून अधिक वर्षे पुरलेला. खनिज गाळायच्या भट्ट्या तिथेच, आणि पुढे विद्यापीठ, मोठे रुग्णालय, सरकारी कचेऱ्या असा आसपासच्या मुलखाचा कारभार तिथे आला. आजची १,६६,००४ माणसे नुसत्या खाणीवर जगत नाहीत. या चार गोष्टींतली एक जरी नसली तरी गावाची मुदत खनिजाच्या साठ्याइतकी, आणि बाजारभाव पडला तर त्याहून कमी.

सास्काचेवानचे युरेनियम सिटी पाहा. अथाबास्का सरोवराच्या उत्तरेला, बारमाही रस्ता नाही. १९८२ मध्ये खाण बंद झाली तेव्हा अडीच हजारांच्या आसपास वस्ती होती. आज ती शंभरीच्या आत आहे. त्याच वर्षी क्यूबेकमधल्या शेफरविलची लोखंडाची खाण थांबली. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या पाइन पॉइंटसाठी तर १९६० च्या दशकात खास रेल्वे टाकली होती. १९८७-८८ मध्ये शिसे-जस्ताची खाण मिटली आणि गाव मोडून काढले, घरे उचलून दुसरीकडे नेली. रस्त्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. ऑन्टॅरियोतले एलियट लेक वाचले ते वेगळ्याच वाटेने: युरेनियमच्या खाणी मिटल्यावर रिकामी घरे स्वस्तात निवृत्त लोकांना देऊ केली, आणि अकरा हजारांच्या आसपास वस्ती टिकली.

यातून कंपन्या आणि सरकारे एकच धडा शिकली. गाव वसवायचेच नाही. शाळा, दवाखाना, नळ, घरे बांधायची आणि वीस वर्षांनी सोडून द्यायची, त्यापेक्षा माणसे विमानाने आणायची. नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी यलोनाइफ, तिच्या ईशान्येला सुमारे ३०० किमीवर एकाटी (१९९८) आणि डायव्हिक (२००३) या हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्या. तिथे छावण्या उभ्या राहिल्या, गाव नाही. दोन आठवडे बारा-बारा तासांच्या पाळ्या, दोन आठवडे घरी. घर यलोनाइफला असेल, एडमंटनला असेल, कुठेही.

आता गणनाकारांचा मुद्दा इथे जोडा. कॅनडाची जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या घरी मोजते, कामावर सापडेल तिथे नाही. न्यूफाउंडलंडचा माणूस वर्षातले सहा महिने ॲल्बर्टाच्या तेलवाळूत काढत असला तरी मोजला जातो न्यूफाउंडलंडात. त्यामुळे खाणपट्ट्यातला घनतेचा आकडा तिथल्या कामाचे प्रमाण दाखवतच नाही. वुड बफेलोत या छावण्यांतल्या लोकांना ‘सावलीतली लोकसंख्या’ म्हणतात आणि नगरपालिका त्यांची वेगळी गणना करते, कारण रस्ते, पाणी, रुग्णालय ही माणसे वापरतात पण राष्ट्रीय गणनेत ती तिथली नसतात. नकाशावर छावण्यांसाठी वेगळे चिन्ह ठेवा, घनतेच्या रंगात ढकलू नका.

वाहतुकीचे गणितही मुलांना द्या, कारण गाव का परवडत नाही ते त्यात आहे. त्या हिऱ्यांच्या खाणींना वर्षभराचे डिझेल, सिमेंट, यंत्रे जातात ती टिबिट तळे ते कॉन्टवोयटो तळे या सुमारे ४०० किमीच्या हिवाळी रस्त्याने. त्याचा बहुतेक भाग गोठलेल्या तळ्यांवर. उघडा असतो साधारण जानेवारीअखेर ते मार्चअखेर, आठ आठवडे. बर्फ किती वजन पेलेल याचा रूढ अंदाज असा: जाडी सेंटिमीटरमध्ये, तिचा वर्ग, गुणिले ४, उत्तर किलोमध्ये. ४० सेंमीला ६,४०० किलो, ७० सेंमीला १९,६००, १०० सेंमीला ४०,०००. हे स्वच्छ निळसर बर्फाला लागू. बर्फाचा चुरा भिजून झालेल्या पांढऱ्या थराची जाडी निम्मीच धरतात. आधी वरचा भुसभुशीत बर्फ हटवतात, कारण तो गोधडीसारखा खालच्याला थंडी लागू देत नाही; मग वर पाणी सोडून जाडी वाढवतात. भरलेल्या मालमोटारीला वेगमर्यादा ताशी २५ किमीची. वेग वाढला की बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, ती मोटारीच्या पुढे धावते आणि काठाजवळ उथळ पाण्यात आपटून बर्फ फोडते. २००६ चा हिवाळा उबदार निघाला, रस्ता लवकर बंद झाला आणि उरलेले इंधन विमानाने न्यावे लागले. हा खर्च खाण सोसते. दुकान, शाळा आणि भाजीवाला कायमचा सोसू शकत नाही.

अक्षांश४९

वरच्या सगळ्याला माझी संमती आहे, फक्त ‘रिकामी उत्तर’ हा शब्द नकाशाच्या शीर्षकात किंवा सूचीत येऊ देऊ नका अशी विनंती. इनुइट, क्री, डेने हे आदिवासी लोक त्या मुलखात फार आधीपासून आहेत. कॅरिबू (रेनडिअर), सील आणि माशांवर जगायचे तर एका कुटुंबाला हजारो चौ. किमी फिरावे लागते. तिथे विरळ असणे हीच त्या जमिनीवर जगण्याची रीत होती. आज दिसणारी एका जागची गावे मुख्यतः १९५० आणि ६० च्या दशकांतली, व्यापारी ठाणे, मिशन, पोलीस चौकी आणि शाळा यांच्याभोवती जमलेली. काही तर सरकारने लादली. १९५३ मध्ये उत्तर क्यूबेकच्या इनुक्जुआकमधली इनुइट कुटुंबे दोन हजार किलोमीटरच्या आसपास उत्तरेला, ग्रीस फियोर्ड आणि रेझोल्यूट इथे नेऊन सोडली. तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही आणि शिकार वेगळी. सरकारने माफी मागितली २०१० मध्ये. त्या दोन गावांचे ठिपके नकाशावर टाकाल तेव्हा ते तिथे का आहेत हे मुलांना सांगायला हवे.

नुनावुत १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला. २०२१ ला ३६,८५८ माणसे, २५ गावे, आणि एकाही गावाला दुसऱ्या गावाशी किंवा दक्षिणेशी जोडणारा रस्ता नाही. जड सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा असताना जहाजाने, बाकी वर्षभर विमानाने. म्हणून तिथे ‘दर चौ. किमी माणसे’ यापेक्षा ‘गावागावातले अंतर’ दाखवणारा छोटा नकाशा कोपऱ्यात द्या.

घर बांधणे हाही घनतेचाच प्रश्न आहे. जमीन कायम गोठलेली, वरचा थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो. घर थेट जमिनीवर टेकवले तर त्याच्या उबेने खालचा बर्फ वितळतो, जमीन खचते, भिंती तडकतात. म्हणून खालच्या पक्क्या गोठलेल्या थरात खांब रोवून घर उचलून धरायचे आणि खालून थंड वारा खेळता ठेवायचा. मोठ्या इमारतींखाली कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद नळ्या घालतात, त्या हिवाळ्यात जमिनीतली उष्णता वर फेकतात. पाण्याचे नळ साधे पुरून चालत नाही. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या इनुविक गावात ते जमिनीवरून उष्णतारोधक पेट्यांतून फिरवले आहेत. नुनावुतच्या बहुतेक गावांत पाणी टँकरने येते आणि सांडपाणी दुसऱ्या टँकरने जाते. घर महाग म्हणून घरे थोडी, म्हणून एका घरात माणसे फार. प्रति चौ. किमी ०.०२ असलेल्या प्रदेशात घरांतली दाटी हा रोजचा जाच आहे, आणि हे कोणत्याही घनता-नकाशात उमटत नाही.

स्थलांतरितांचेही जाता जाता. २०१६ ते २०२१ मध्ये आलेल्यांपैकी ५३.४ टक्के टोरंटो, मॉन्ट्रियल, व्हँकूव्हर या तीन महानगरांत स्थिरावले. सरकारने २०१९ मध्ये ग्रामीण व उत्तरेकडच्या ११ गावांसाठी खास योजना आणली, त्यात सडबरी, टिमिन्स, थंडर बे होते. पण घटनेतल्या हक्कांच्या सनदेचे सहावे कलम कायम रहिवाशाला कुठल्याही प्रांतात जायची मुभा देते, त्यामुळे माणसाला गावात बांधून ठेवता येत नाही. नोकरी आणि ओळखीची माणसे असतील तरच तो राहतो.

क्षितिज_नकाशे

अक्षांश ताई, शीर्षक बदलतो. शेवटचे एक: रंगाऐवजी ठिपक्यांचा नकाशा केला तर? एक ठिपका १,००० माणसे असा विचार आहे.

गणनाकार

चालेल, भिंतीसाठी बरा. पण ३६,९९२ ठिपके होतील आणि टोरंटोजवळ सगळा काळा डाग. एक ठिपका ५,००० घ्या, म्हणजे ७,४०० च्या आसपास. मग अडचण दुसऱ्या टोकाला येते: नुनावुतला सातच ठिपके, २५ गावांपैकी बहुतेक गायब. म्हणून दोन चिन्हे वापरा. ५,००० ला भरीव ठिपका, आणि ६० अक्षांशाच्या उत्तरेला प्रत्येक गावाला एक पोकळ वर्तुळ, माणसे कितीही असोत. सूचीत ते स्पष्ट लिहा.

ठिपके क्यूजीआयएसला बहुभुजात स्वैर टाकायला सांगू नका. वुड बफेलोचे ठिपके साठ हजार चौ. किमीच्या दलदलीत विखुरतील. आधी उपविभागांतून ‘लोकसंख्या केंद्रां’चे बहुभुज छेदून घ्या, केंद्रातली माणसे केंद्राच्या आत टाका, उरलेली बाहेर, आणि तळी वजा करायला जलाशयांचा थर वापरा, नाहीतर विनिपेग सरोवरात वस्ती दिसेल. ए-शून्य आकाराच्या कागदावर ठिपका अर्धा-पाऊण मिलिमीटर ठेवा, आधी एका कोपऱ्याची छपाई काढून दोन मीटरवरून पाहा आणि मगच पूर्ण नकाशा छापायला द्या.